नऊ आज्या आणि एक अंगठा

आज जंगली महाराज रस्त्यावरचं काम लवकर आटपलं, म्हणून बालगंधर्वच्या कलादालनात शिरले. मैत्रिणीची चित्रं लागली होती. (नाव टाकू नकोस म्हणाली, म्हणून टाकत नाही.)

एका भिंतीवर सगळं पॉप आर्ट, म्हणजे रोजच्या वस्तू नि ओळखीचे चेहरे जाहिरातीसारख्या भडक रंगांत. अमृतांजनची पिवळीधम्मक बाटली, चांगली चार फुटी. शेजारी नथ घातलेली तिची आजी नऊ वेळा. गुलाबी, पोपटी, झेंडूच्या रंगात. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली होती, प्रत्येक चवीचं एक, त्याच घराण्यातलं हे. फक्त तो पुढे स्क्रीन प्रिंटिंगकडे वळला, हिने मात्र नऊही आज्या हाताने रंगवल्यात. आणि चित्रांवरचे ते ठिपके? पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने उमटवलेले! जवळ गेलं की कुठेकुठे रंग ओघळलेला दिसतो. मला ते ओघळच जास्त आवडले. नऊ जरा जास्तच झाल्या, पाचांत भागलं असतं. तसं तिला सांगितलंही. चहा मात्र तिनेच पाजला.

पण खरी अडकले ते दाराजवळच्या वहीएवढ्या पोर्ट्रेटपाशी. तिचे बाबा, एसटीचे निवृत्त कंडक्टर. खाकी शर्ट चार फटकाऱ्यांत उरकलाय, चेहराही अर्धा सावलीत. सगळा जीव उजव्या अंगठ्यात, वर्षानुवर्षं तिकिटं पंच करून पडलेल्या घट्ट्यात.

"बाबा बसले का गं समोर?" मी विचारलं.

"दहा मिनिटं. मग म्हणाले, चल, गाडी सुटायची वेळ झाली."