तुम्ही विचारलंत म्हणून: मुरलेला कॉम्प्युटर

"घरी फ्रीबीएसडी चालवायला छोटासा, आवाज न करणारा डेस्कटॉप जोडायचाय. कोणते पार्ट घेऊ?" महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच. फ्रीबीएसडी म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. विचारणारे बहुतेक ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे असतात. तिथे जे वर्षानुवर्षं मुकाट चालतं, ते घरच्या टेबलावरही असावं असं त्यांना वाटत असतं. सोबत पार्टची यादी असते आणि ती दरवेळी प्रोसेसरपासून सुरू होते, तोही गेल्या महिन्यात बाजारात आलेला.

मी सांगतो, यादी उलटी करा. आधी ग्राफिक्स बघा, मग लॅन, मग वीज आणि गरमी. एवढं ठरलं की प्रोसेसर आपोआप ठरतो.

ग्राफिक्स आधी का? इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, मुळात लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, लिहिले जातात. मूठभर माणसं तो कोड फ्रीबीएसडीत आणतात आणि तो आपल्याला डीआरएम-केमॉड या नावाच्या पॅकेजातून मिळतो. या कामाला वेळ लागतो. फ्रीबीएसडी १४ मालिकेत बराच काळ जो ड्रायव्हर लोक वापरत होते तो लिनक्स ६.१ वर बेतलेला होता आणि लिनक्स ६.१ आलं होतं डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे आजची चिप आज घेतलीत तर पडदा दिसेल, पण नुसता दिसेलच. व्हिडिओ अडखळेल आणि दुसरा मॉनिटर लागणार नाही. कैरी बरणीत घातली की त्याच दिवशी कुणी लोणचं वाढत नाही. हार्डवेअरही दोन-तीन वर्षं मुरू द्यावं.

एनव्हिडियाचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. ती कंपनी फ्रीबीएसडीसाठी स्वतःचा तयार ड्रायव्हर देते आणि तो चांगला चालतो. पण वेगळं कार्ड आलं की त्याची गरमी आली, त्याचे पंखे आले, मोठा डबा आला. आपण निघालो होतो कुठे?

माझ्या टेबलावर आहे एएसरॉकचा डेस्कमिनी एच४७०. साडेपंधरा सेंटीमीटर लांब, तेवढाच खोल, आठ सेंटीमीटर उंच. पोळ्यांच्या डब्याहून फार मोठा नाही. आत इंटेलचा आय३-१०१००, म्हणजे २०२० सालचा माल. त्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक्स इतकं जुनं आणि सगळीकडे पसरलेलं आहे की त्याबद्दल काही सांगण्यासारखंच उरलेलं नाही, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी खूबी. प्रोसेसरमधले काम करणारे भाग, म्हणजे कोअर, चारही एकसारखे आहेत. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर येतात आणि कुठलं काम कुठल्या कोअरला द्यायचं हे ठरवणारा फ्रीबीएसडीचा शेड्युलर त्यांना एकाच मापाने मोजत आलाय. एएमडीच हवा असेल तर रायझन ५ ५६००जी घ्या, तोही आता चांगला मुरलाय.

आता आवाजाबद्दल. याच्याआधी माझ्याकडे मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा, मदरबोर्ड होता आणि त्याला ५०० वॉटचा पॉवर सप्लाय. कंपनीचं नाव सांगत नाही. डिसेंबरातल्या एका रात्री मी टॉर्च घेऊन कपाटामागे रातकिडा शोधत होतो. बारीक, किर्र आवाज, थांबायचं नावच नाही. कपाट सरकवलं, पडदा झटकला, काही नाही. वैतागून परत खुर्चीत बसलो, ब्राउझरमधलं पान खाली सरकवलं आणि रातकिड्याने सूर बदलला. पान थांबवलं, सूर परत पहिल्यावर. रातकिडा पॉवर सप्लायमध्ये होता. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून जाणारा प्रवाह कामाप्रमाणे कमीजास्त होतो, तशी ती थरथरतात आणि किरकिरतात. पंखा बदलून हे जात नाही.

तेव्हा पहिला धडा घेतला तो हा, की ४० वॉटच्या कामाला ५०० वॉटचा डबा आत बसवायचाच कशाला? डेस्कमिनीला लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर लागतो, १२० वॉटचा. तो टेबलाखाली पडलेला असतो, त्याला पंखा नाही. घरातले लाइट गेले तरी छोट्या इन्व्हर्टरवर हे प्रकरण आरामात चालतं.

डिसेंबर मुद्दाम सांगितला. आपल्याकडे मार्च ते जून डोक्यावर छताचा पंखा गरगरत असतो, त्याच्या आवाजात कॉम्प्युटरचं कोण ऐकतंय. शांत मशीनची खरी परीक्षा थंडीत, पंखा बंद असताना, रात्री अकरानंतर. पण गरमीची परीक्षा मे महिन्यात. एकच मशीन दोन्हींत पास व्हायला हवं. म्हणूनच बिनपंख्याच्या कॅबिनेट मला परदेशी चित्रांत आवडतात, घरात नाही. खोलीच ३५ अंशांवर असेल तर अल्युमिनियमच्या पात्यांनी गरमी टाकायची कुठे?

मी प्रोसेसरवर नॉक्टुआचा एनएच-एल९आय हा कूलर लावलाय. ३७ मिलिमीटर उंचीचा, त्यावर ९२ मिलिमीटरचा पंखा. मोठा पंखा हळू फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो, छोट्याला त्यासाठी बोंब मारावी लागते. पण नुसता चांगला पंखा घेऊन भागत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन तापमानाबरोबर वाढणाऱ्या त्याच्या वेगाची चढण सपाट करा. माझा पंखा ६५ अंशांपर्यंत एकाच संथ गतीने फिरतो. सतत येणारा आवाज कान विसरतो, वरखाली होणारा विसरत नाही. कोअरटेम्प मॉड्युल लोड केलं की प्रत्येक कोअरचं तापमान सिसकंट्रोल या कमांडने दिसतं, ते बघत बघत आकडा ठरवा.

मुळात गरमीच कमी होऊ दिली तर आणखी बरं. फ्रीबीएसडी १३ पासून इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर वेग कधी वाढवायचा हे प्रोसेसर स्वतःच ठरवतो, आपण फक्त कल सांगायचा. त्यासाठी ईपीपी नावाचा ० ते १०० असा आकडा असतो, ० म्हणजे पळ, १०० म्हणजे जप. मुळात तो ५० वर असतो. मी ८० केलाय. पोर्टमधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या सॉफ्टवेअर-संग्रहातून, काही मोठं सोर्सपासून बांधायला घेतलं तरच फरक कळतो आणि तेव्हा मी चहा करायला उठलेला असतो.

लॅनला इंटेलची चिप असेल तर डोळे झाकून घ्या. अडीच गिगाबिटच्या रिअलटेक ८१२५ या चिपसाठी अनेकांना पोर्टमधला वेगळा ड्रायव्हर घालावा लागलाय, आणि तो उतरवायला नेट हवं! अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घेता येतं. वायफाय सुधारतंय, पण मी भिंतीच्या कडेने केबल टाकली आणि विषय संपवला. रॅम १६ जीबी. डिस्क एनव्हीएमई, फिरणारी अजिबात नको. त्यावर झेडएफएस ही सिस्टिमची जुनी प्रत जपू शकणारी फाइल सिस्टिम, म्हणजे अपडेटनंतर ग्राफिक्सचं मॉड्युल रुसून पडदा काळा झाला तर बूटच्या मेनूतून कालच्या सिस्टिममध्ये परतता येतं. असं माझं दोनदा झालंय.

आणि जुनं, वापरलेलं छोटं मशीन घ्यायला लाजू नका. ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो यांत वर सांगितलेलं बहुतेक सगळं आयतं असतं. मित्रासाठी असंच एक घ्यायला मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, खिशात फ्रीबीएसडीचा पेनड्राइव्ह. दुकानदाराने मॉनिटर जोडून दिला. इन्स्टॉलर सुरू झाल्यावर लाइव्ह सिस्टिममध्ये शिरलो आणि पीसीआयकॉन्फ चालवून मशीनमधल्या सगळ्या भागांची यादी काढली. ज्या ओळीच्या सुरुवातीला 'नन' येतं, त्या भागाला ड्रायव्हर मिळालेला नाही. पंधरा मिनिटांचं काम, पण महिनाभराचा मनस्ताप वाचतो.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावताना बघून दुकानदार जवळ आला. "साहेब, विंडोज उडालेलं दिसतंय. टाकून देऊ का?" मी म्हटलं, थांबा जरा, मोजतोय. 'नन'च्या ओळी दोनच निघाल्या, दोन्ही बोर्डावरच्या बारीकसारीक भागांच्या, त्यांच्यावाचून काही अडत नाही. ग्राफिक्स, लॅन, साउंड, सगळं ओळखीचं. पॅक करा म्हणालो.