वीणा खाली ठेवत नाहीत, पण माणूस बदलतात

2022 ला वारी परत पायी सुरू झाली (2020 आणि 2021 ला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते आठवलं तरी अजून घसा दाटतो) आणि त्या वर्षी आमच्या दिंडीत आधीच्या 70 माणसांची 160 झाली. पुढच्या वर्षी 280. सगळ्यांना आनंद, दिंडीचे कीर्तनकार महाराज, त्यांना तर फारच, कारण दिंडी वाढली म्हणजे माउलींची कृपा असंच आपण मानतो आणि मीही मानते. पण ज्या वर्षी 280 झाली त्याच वर्षी नातेपुत्याच्या मुक्कामाला रात्री अकरा वाजता आमचे व्यवस्थापक काका ट्रकच्या चाकाला टेकून बसलेले दिसले आणि ते रडत होते. साठी ओलांडलेला माणूस, वीस वर्षं दिंडी सांभाळलेला. म्हटलं काका काय झालं, छातीत वगैरे दुखतंय का, तर म्हणाले, "काही नाही गं, टँकर आला नाही अजून."

टँकर तर अर्ध्या तासात आला. पण त्या माणसाकडे काय काय होतं ते मी नंतर वहीत लिहून काढलं तेव्हा मलाच धाप लागली. चैत्रापासून फोन सुरू होतात, आमच्या आईला घेता का, भिशी (दिंडीत भरायची जेवणखर्चाची वर्गणी) किती, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तर चालेल का. मग गाड्यांचे पास, ट्रकवाला, आचारी, सिलेंडर, तंबू, औषधं. वारीत पहाटे काकड्याला उठायचं, सगळे चालायला लागले की तंबू उतरवून ट्रक पुढे काढायचा, पुढच्या गावात जागा धरायची, पावसाने चिखल झाला असेल तर दुसरी शोधायची, पंगत बसवायची, बायकांच्या आंघोळीची सोय बघायची, हरवलेल्या पिशव्या शोधायच्या आणि रात्री हिशेब. 70 माणसांत हे एकट्याला जमत होतं, आणि जमत होतं म्हणूनच 280 झाली तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही की आता माणसं वाढवायला पाहिजेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काका स्वतः वारीत असून चालतच नव्हते. वीस वर्षांत त्यांनी दिवे घाट पायी चढलाच नव्हता, ट्रकमधूनच बघितला.

पुढच्या वर्षी काका आले नाहीत. तेव्हा काहीजण म्हणाले, "सेवा आहे ही, सेवेत थकवा कसला." याचा मला अजूनही राग येतो. ऑफिसात याला बर्नआउट म्हणतात आणि सुट्टी देतात, इथे मात्र दमलो म्हटलं की भक्ती कमी पडली असा अर्थ निघतो, मग माणूस बोलतच नाही आणि एक दिवस गपचूप यायचं बंद करतो. आपल्याकडची किती चांगली माणसं अशी गेलीत.

काकांचं काम त्या वर्षी मी आणि अजून एका दादांनी घेतलं. तिसऱ्याच मुक्कामाला, सासवडला, माझा तोल गेला. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात एकादशी, पोटात भगरीशिवाय काही नाही, आणि एक मावशी तिसऱ्यांदा विचारायला आल्या की माझी पिशवी सापडली का. मी ओरडले त्यांच्यावर. माउली म्हणून ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्यावर ओरडले. त्या काहीच बोलल्या नाहीत, माझ्या शेजारी बसल्या आणि माझेच पाय दाबायला लागल्या, "दमलीस बाई, बस जरा."

हे मनातून जात नव्हतं. मग गावच्या सप्ताहात रात्री दोनला मी मंडपात बसले होते आणि समोर वीणेचा पहारा बदलला. लहानपणापासून बघतेय, पण त्या रात्री नीट बघितलं. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, हा नियम. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहत नाही ना! यादी लावलेली असते, दोन ते चार कोण, चार ते सहा कोण. पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, याच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात जाते, आणि आधीचा घरी जाऊन झोपतो. त्याला कुणी म्हणत नाही की तू दोन तासांतच दमलास. वीणेला जे लावतो ते टँकरला का नाही लावत आपण?

तर गेल्या वर्षी आम्ही तसं करून बघितलं. आळंदी ते फलटण व्यवस्थेला दोघांची एक जोडी, फलटण ते पंढरपूर दुसरी, आणि जी जोडी मोकळी असेल तिने टाळ घेऊन दिंडीत चालायचं, ट्रकजवळ फिरकायचं सुद्धा नाही. फलटणला रात्री कीर्तनानंतर सगळ्यांसमोर व्यवस्थेची वही पुढच्या जोडीच्या हातात द्यायची, पाया पडून. हे सगळ्यांसमोर करणं फार महत्त्वाचं ठरलं कारण नाहीतर लोक जुन्याच माणसाकडे जातात. तरी दोन दिवस लोक जुन्यांकडे गेलेच, आणि मोकळ्या दादांना "ते आता माझ्याकडे नाही" म्हणायला इतकं जड जात होतं की ते लपून टँकरवाल्याला फोन करत होते. सवय आहे, वेळ लागणार.

दुसरं म्हणजे समाजआरतीचं, म्हणजे मुक्कामाला पालखीतळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात ती आरती. तिथे चोपदारांनी (सोहळ्याची शिस्त बघणारे) दंड वर केला की सगळ्या दिंड्या शांत होतात, पण जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते, चोपदार ऐकून घेईपर्यंत. इतक्या मोठ्या सोहळ्यात रोज तक्रारीला जागा ठेवलीय! मग आम्हीही जेवणानंतर दहा मिनिटं व्यवस्था बघणाऱ्यांसाठी ठेवली, ज्याला झेपत नाहीये त्याने सांगायचं, बाकीच्यांनी उपदेश करायचा नाही. पहिले तीन दिवस कुणी बोललंच नाही. चौथ्या दिवशी आचारी बोलले, की मला चार रात्री तीन तासांवर झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून भाजी चिरायला पंधरा माणसं गेली.

महाराजांचं मात्र अजून सुटलेलं नाही. वारीत रोजचं कीर्तन, आणि वर्षभर एकादश्या, सप्ताह, कुणाच्या दशक्रियेचं प्रवचन, कुणाच्या घरातलं भांडण, आणि दिंडी जितकी वाढली तितकी ही बोलावणीही वाढली. दुपारच्या विसाव्याला त्यांचा फोन आम्ही काढून घेतो, एवढंच जमलंय. मीटिंगमध्ये 300 ला यादी बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं, माउलींच्या दारातून माणूस परत कसा पाठवायचा म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. पण यादी बंद केली.

काकांना मी दोनदा घरी जाऊन भेटून आले. परवा त्यांनीच फोन केला, भिशी कुणाकडे भरू म्हणून. मग जरा थांबून म्हणाले, "जेवणाचं बघू का यंदा?" म्हटलं नको काका, तुम्ही दिवे घाट चालायचाय, आणि सासवडला पहाटे काकड्याला वीणा तुमच्याकडे आहे, यादीत नाव लिहिलंय.