जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन : आधी त्रासाची वही, मग टाइल्स (माझा अनुभव)

आमचा फ्लॅट पुण्यात कर्वेनगरला, १९९४ ची बिल्डिंग, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, कार्पेट साधारण ७२० स्क्वेअर फूट. रिनोव्हेशन करू करू म्हणून पाच-सहा वर्षं नुसतं चाललेलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आई (माझ्या सासूबाई, तेव्हा वय ७४) बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि दाराला टेकूनच पडल्या, दार आत उघडणारं, आतून कडी, बाहेरून आम्ही ढकलतोय आणि ते त्यांनाच लागतंय. शेवटी नवऱ्याने बिजागऱ्या तोडून दार काढलं, त्यात वीसेक मिनिटं गेली. फ्रॅक्चर नव्हतं, नुसता मुका मार. पण त्या रात्री ठरलं की आता काम काढायचंच.

पहिल्यांदा आम्हीही तेच केलं जे सगळे करतात, एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं. त्यांनी आठ दिवसांत थ्रीडी ड्रॉइंग दिलं, टीव्हीच्या मागे पॅनेल, हॉलला फॉल्स सीलिंग, दिसायला खरंच छान होतं. आईंनी ते मोबाईलवर नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "बाथरूमचं काय केलंय गं यात?" बाथरूमच्या फक्त टाइल्स बदलल्या होत्या, दार तेच, आत उघडणारं.

मग मी एक साधी दोनशे पानी वही फ्रिजवर ठेवली आणि घरात सगळ्यांना सांगितलं की महिनाभर घरात जो जो त्रास होईल तो इथे लिहायचा, कितीही बारीक असला तरी. आई लिहायच्या, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडत नाही. मुलाने लिहिलं, अभ्यासाला बसलं की स्वतःचीच सावली वहीवर पडते. नवऱ्याने, रात्री अकरा वाजतात तरी बेडरूमची भिंत गरम. माझं म्हणजे ओट्यापाशी अर्धा तास उभं राहिलं की कंबर धरते. महिन्याभरात ४३ नोंदी झाल्या आणि त्यात दिसण्याबद्दलच्या फक्त ६, बाकी सगळं पाणी, उजेड, ऊन, हवा आणि उठबस. मला वाटतं आमच्या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही वहीच, कारण नंतर कॉन्ट्रॅक्टर, दुकानदार, नातेवाईक असे दहा लोक दहा गोष्टी सुचवतात तेव्हा वही उघडून बघायचं, हा त्रास आपल्याला आहे का? नसेल तर सोडायचं.

हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आमची इच्छा होती. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं, ते म्हणाले ही चार इंची पार्टिशनची भिंत आहे, अर्धी उतरवायला हरकत नाही, पण कॉलम-बीमला छिन्नीसुद्धा लावू द्यायची नाही, आणि बाथरूमची जागा हलवायची नाही कारण खाली दुसऱ्यांची बेडरूम येते. हे सगळं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सोसायटीच्या एनओसीच्या अर्जाला तेच जोडलं म्हणून कमिटीत फार प्रश्न आले नाहीत. डिपॉझिट, कामाची वेळ दहा ते सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, राडारोडा रोजच्या रोज पोत्यात भरून उचलायचा आणि मटेरियल लिफ्टने न्यायचं नाही, अशा अटी होत्या. ही शेवटची अट आधीच माहिती करून घ्या, चार मजले वाळू-सिमेंट चढवायची हमाली कुणीच कोटेशनमध्ये धरत नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करायचं ठरवलं म्हणजे पावसाच्या आत रंग वाळेल. पण छठला बरेच कारागीर गावी जातात हे आमच्या डोक्यातच आलं नाही, त्यामुळे खरी सुरुवात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. पुढे होळीला परत तीन आठवडे सुतारकाम बंद. तीन महिने धरलेलं काम पाच महिन्यांनी संपलं आणि तेवढे महिने शेजारच्या गल्लीतल्या फ्लॅटचं भाडं भरत होतो, तर वेळापत्रक करताना कॅलेंडर समोर ठेवून सण बघा.

आता बाथरूम. आमच्या खाली ज्या काकू राहतात त्यांच्या बाथरूमच्या छताला दोन वर्षं ओल होती, म्हणून सगळं खालच्या स्लॅबपर्यंत उकरलं. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून निम्मे भरले होते, पाण्याला फोर्स का नाही ते तेव्हा कळलं. सगळी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपची) केली आणि भिंत बुजवायच्या आधी पंप लावून प्रेशर टेस्ट घेतली. मग वॉटरप्रूफिंग झालं, न्हाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून चार इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली, आणि ४८ तास तसंच ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, "अगं, कोपऱ्यात ओलं दिसतंय." कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की मॅडम टाइल्स बसल्या की आपोआप बंद होईल. मी नाही म्हटलं, आवाज चढवला नाही, फक्त सांगितलं की खालचं छत कोरडं झाल्याशिवाय टाइल लागणार नाही आणि पुढचा हप्ताही मिळणार नाही. ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून जातो त्याच्या भोवतीच पाणी झिरपत होतं (टाइल आणि ग्राउट, म्हणजे टाइलच्या फटीत भरतात ते, पाणी अडवत नाहीत, ते काम खालच्या थराचं असतं). तो भाग परत फोडला, भरला, कोट दिले, परत पाणी भरलं, आणि यावेळी ७२ तास. आठ दिवस गेले. कोरडं निघालं.

दार दोन फुटांचं होतं ते ३२ इंच केलं आणि बाहेर उघडणारं केलं, कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. उंबरठा काढून हलका उतार दिला, शॉवरच्या बाजूला खडबडीत टाइल्स. कमोडशेजारी आणि नळाशेजारी धरायच्या दांड्या, पण त्या कुठे बसणार हे भिंत बांधतानाच ठरवावं लागतं कारण पोकळ विटेत स्क्रू धरत नाही, आईंना प्रत्यक्ष स्टुलावर बसवून उठताना हात कुठे जातो तिथे खडूने खूण केली.

उन्हाचं प्रकरण समजायला आम्हाला वेळ लागला. काँक्रीटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घरात सोडते, म्हणून वरच्या मजल्यावर सूर्य मावळल्यावरही उकडतं आणि पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. गच्ची सोसायटीची, त्यामुळे गळती आणि तडे बुजवायचा खर्च सोसायटीने केला आणि आमच्या घरावरच्या भागाला पांढरा उष्णता परतवणारा कोट आम्ही लेखी परवानगी घेऊन स्वतःच्या पैशाने दिला. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो म्हणून दसऱ्याच्या सुमारास धुवून घेतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदे होते, पण काचेतून ऊन आत आलं की ते आलंच, म्हणून ग्रिलला बाहेरून बांबूचे पडदे लावले. जुनी स्लायडिंग खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही, तिच्या जागी पूर्ण उघडणारी, आतून जाळीची. समोरासमोरची दारं उघडी ठेवली की आता संध्याकाळी वारा खेळतो. एसी आम्ही एकच घेतला, आईंच्या खोलीत.

वायरिंग उघडल्यावर किचनच्या सॉकेटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. तीस वर्षं आम्ही तिथे मिक्सर लावत होतो! सगळी वायर नवीन टाकली, गीझर-एसीला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन, मेन बोर्डात ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच. आईंच्या पलंगाशी टू-वे (दोन ठिकाणांहून चालणारं) बटण आणि बाथरूमपर्यंत खाली जमिनीलगत मंद दिवे. भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला, कुठून पाइप, कुठून वायर. हा एक उद्योग जरूर करा, खिळा ठोकताना हायसं वाटतं.

ओटा ३१ इंच होता तो ३४ केला, माझी उंची पाच फूट पाच. आई बुटक्या, त्यांना तो उंच पडतो, म्हणून खिडकीपाशी बसून भाजी निवडायला, पोळ्या लाटायला वेगळं बुटकं टेबल.

हॉलमधली जुनी मोझॅकची फरशी मात्र काढली नाही. सगळे म्हणत होते व्हिट्रिफाइड टाइल्स लावा, त्याच फरशीवर दुसरी फरशी चिकटवा. पण त्याने स्लॅबवर वजन वाढतं, दारं खालून कापावी लागतात, आणि मोझॅक पायाला गार लागते. पॉलिश करून घेतली. बघणारे विचारतात ही नवीन कुठून आणली.

पैशांचं सांगते, ९ लाख धरले होते आणि झाले साडेअकरा. वाढलेले बहुतेक सगळे भिंतीच्या आणि फरशीच्या आत गेले. त्यासाठी टीव्हीचं पॅनेल, फॉल्स सीलिंग आणि एक वॉर्डरोब सोडला. प्लायच्या बाबतीत सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० वालं (पाण्यात टिकणारं मरीन प्लाय), बाकी ठिकाणी आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (ओल सोसणारं, पण त्याखालच्या दर्जाचं), एवढं आम्हाला पुरलं, आणि शिक्का प्रत्येक शीटवर आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचा. कॉन्ट्रॅक्टरला पैसे काम मोजून दिले, शेवटचे दहा टक्के महिनाभर राहून बघितल्यावर.

१० मेला अक्षय्य तृतीयेला राहायला आलो. जुलैमध्ये पुण्यात जो पाऊस झाला त्यात मी रोज सकाळी उठून आधी छत बघायचे, एकही डाग नाही. गणपतीच्या आधी खालच्या काकू वर आल्या, हातात रंगाचं शेडकार्ड, म्हणाल्या बाथरूमचं छत कधीचं कोरडं आहे, आता रंगवून घेते, कुठला पांढरा घेऊ सांग.