ग्वाल्हेरहून बुद्ध सर्किट: ज्या गाडीने जायचं, त्याच गाडीने परत यायचं

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ग्वाल्हेरपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन तिथे झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, हे आपल्याकडच्या गाडीवेड्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच डांबरावर आपली रोजची गाडी नेऊन चालवता येते, हे सांगितलं तर अजूनही अनेकांना पटत नाही. येतं. ट्रॅक डे असतात, फी भरून नाव नोंदवायचं, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि उतरायचं. इंदूरकरांच्या हाताशी पिथमपूरचा नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, पण तो मुळात वाहनांच्या चाचण्यांसाठी बांधलेला. वळणं शिकायची असतील तर बुद्धच गाठावं.

आमची गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ अश्वशक्ती, आणि एरवी हीच गाडी मुलांना शाळेत सोडते. ट्रेलरवर घालून नेण्याची चैन आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणजे दिवसभर ट्रॅकवर पिळून काढलेल्या गाडीनेच घरी यायचं. पुढचं सगळं मी याच हिशेबाने लिहिते आहे. ज्यांना फेरीची वेळ कमी करायची स्पर्धा खेळायची आहे त्यांची तयारी निराळी असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं इंजिन ट्यून करावं, एक्झॉस्ट बदलावा. त्या पैशाला हात लावू नका. सगळा खर्च ब्रेक आणि टायरवर करा, आणि त्यातही आधी ब्रेक फ्लुइड. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ या प्रतीचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच किमान आकडा १५५ वर येतो. शहरात हे कधी कळत नाही. सर्किटवर मात्र एकेका फेरीत अनेकदा जोरकस ब्रेक लागतो. दीड टन गाडी ताशी २०० वरून ७० वर आणायची म्हणजे साधारण वीस लाख ज्यूल उष्णता काही सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये जाते. तेवढ्यात सहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाला टेकतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आमचे मेकॅनिक उस्तादजी, त्यांना मी फ्लुइड बदलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अभी तो ठीक है, दीदी." तरी बदलून घेतलंच. चारही चाकांचं, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत ब्लीड करून, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढून. नवा सीलबंद डबा घ्या. उघडून ठेवलेला अर्धा डबा स्वस्तात मिळाला तरी नको. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं प्रकरण आहे, ते यात मिसळायचं नाही. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तरच जा, आणि पुढच्या पॅडचा एक जादा सेट डिकीत टाका. तिथे संध्याकाळी पॅड संपले तर ऐनवेळी मिळतील याचा भरवसा नाही.

इंजिन ऑइलची पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा, वर नको. कूलंट बघा. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने कसा. आमच्या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतं, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच बरोबर न्या, कारण ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर चाकं थोडी निवली की पुन्हा तपासायचे असतात.

इन्शुरन्सचं आधीच वाचून ठेवा. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग हे वापर वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर तो खर्च आपला, असं धरूनच निघावं. ज्याला तो झेपणार नाही त्याने आत्ता थांबलेलं बरं, मी हे मनापासून सांगते आहे.

रस्ता सोपा आहे. मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा आणि तिथून यमुना एक्सप्रेसवे. १६५ किलोमीटरचा हा रस्ता काँक्रीटचा आहे, उन्हात टायर चांगलेच तापतात, म्हणून हवा कमी ठेवून त्यावर जाऊ नका. मर्यादा ताशी १०० आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धुक्यामुळे ती ७५ वर आणतात. पहाटे धुकं असतं तेव्हा आम्ही निघतच नाही. आदल्या दिवशी दुपारी निघून ग्रेटर नोएडात मुक्काम, हेच बरं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हे दिवस मला सगळ्यांत योग्य वाटतात. मे-जूनमध्ये ट्रॅकवर जाणं म्हणजे पैसे देऊन गाडी तापवणं. वाटेत मुरैन्याची गजक घ्या, आणि घरून दशम्या-चटणी बांधून न्या, कारण ट्रॅकवर दुपारी खायला काय मिळेल याचा भरवसा नसतो आणि जड जेवून सेशनला बसवत नाही. पाणी मात्र भरपूर. पेट्रोलची टाकी एक्सप्रेसवे सोडण्याआधीच भरून घ्या. ट्रॅकवर गाडी रोजच्या दुप्पट-तिप्पट पिते.

सकाळी गाडी रिकामी करायची. मॅट, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, दारातल्या खिशातली नाणी, सगळं बाहेर. सैल मॅट पेडलखाली सरकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. फुल-फेस हेल्मेट, लांब बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळाचे बूट. मग ब्रीफिंग. ते बुडवू नका, माहीत असलं तरी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत. निळा म्हणजे मागे जास्त वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर आणि पुढच्याने हाताने इशारा केला तरच, हा नियम बहुतेक ट्रॅक डेला असतो, आणि मला तो फार आवडतो. त्यामुळे पहिल्यांदा आलेल्याला आरशात बघून घाबरावं लागत नाही.

आता ट्रॅक. लांबी ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आखणी हर्मन टिल्के यांची. टीव्हीवर कळत नाही ते म्हणजे चढ-उतार. तिसऱ्या वळणाकडे रस्ता चढत जातो आणि वळणाचा आतला काठ शेवटपर्यंत दिसत नाही. समोर नुसतं आकाश. इथे सगळे उशिरा ब्रेक मारायला बघतात. मी उलट सांगेन: लवकर ब्रेक मारा, गाडी शांतपणे वळवा आणि बाहेर पडताना लवकर अॅक्सिलरेटर द्या, कारण पुढे एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. तिथे तिसऱ्या वळणातून नीट निघालेली गाडी शेवटपर्यंत पुढे राहते. त्याच्या टोकाला आमच्या गाडीचा काटा दोनशेच्या जवळ पोचतो आणि मग चौथं वळण, पुन्हा उजवं, आवळलेलं. दिवसातलं सगळ्यांत मोठं ब्रेकिंग हेच. काठावरच्या अंतराच्या पाट्या बघून आपली एक पाटी ठरवा, आणि पहिल्या सेशनला तिच्याही आधी ब्रेक घ्या.

दहा-अकराचं ते लांबलचक उजवं वळण मला सगळ्यांत प्रिय. स्टिअरिंग एकदा धरलं की हलवायचं नाही, फक्त पायाने गाडी आत-बाहेर करायची. थोडा पाय उचलला की नाक आत येतं, थोडा दिला की बाहेर जातं. गाडीचं वजन डाव्या पुढच्या टायरवर कसं चढतं ते तिथे हाताला कळतं. रेषेबाहेर मात्र धूळ असते, तिथे चाक गेलं की टायर स्वच्छ होईपर्यंत पुढची दोन वळणं जपून.

त्या टायरचे आकडे सांगते. घरून गार हवा ३४ पीएसआय होती, ट्रॅकवर उतरताना ३१ केली. पहिल्या सेशननंतर पिटमध्ये आल्या आल्या मोजली तर पुढचं डावं ३९, पुढचं उजवं ३७. उजवी वळणं जास्त, म्हणून डावी बाजू जास्त तापते. गरम असतानाच दोन्ही ३६ वर आणली आणि दुसऱ्या सेशनला गाडी खूपच चांगली वळायला लागली. टायरच्या खांद्यावर खडूची एक रेघ ओढून ठेवा. ती बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यावरही शिल्लक राहिली तर जास्त.

दुपारी आमच्या गटातल्या एका गाडीचं पेडल मऊ पडलं. तो पाय पंप करत, गिअर खाली टाकत कसाबसा पिटमध्ये आला. बरोबर आलेल्या माझ्या आतेभावाने त्याच्या ब्रेक फ्लुइडच्या टाकीचं झाकण उघडून मला हाक मारली, "ताई, रंग बघ." फ्लुइड काळपट तपकिरी झालं होतं, दोन वर्षं बदललंच नव्हतं. आमच्याकडच्या डब्यातलं घालून ब्लीड केलं, पण त्याला त्या दिवशी पुन्हा उतरू दिलं नाही, आणि त्यानेही ऐकलं.

सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. मी पाच-सहा फेऱ्यांवर थांबते. शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वरच्या गिअरमध्ये, सगळं थंड होऊ द्यायला. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही: तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून बसतात. गाडी 'पी'मध्ये, चाकाला ठोकळा, बॉनेट उघडं. ऑटो-होल्ड असेल तर आधी बंद करा, नाहीतर इंजिन बंद करताच गाडी स्वतःच पार्किंग ब्रेक ओढते. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू राहू द्या, पण ती यंत्रणा सारखी मधे पडत असेल तर समजा की तुम्ही घाई करताय. शिवाय ती चाकांना ब्रेक लावूनही काम करते, म्हणजे ब्रेक अजून तापतात. ऑइलचं तापमान १३० च्या पुढे गेलं की मी वेग कमी करते.

व्हेटेलची २०११ ची शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची होती. आपल्या घरगुती गाड्यांना तिथे सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी वेळ मोजूच नका. मोबाईलवरचा टायमर लावला की प्रत्येक जण एक-दोन ब्रेक उशिरा घेतो.

शेवटचं सेशन मी सोडून देते. तेव्हा हातपाय थकलेले असतात, टायर दमलेले असतात आणि उन्हं तिरपी डोळ्यांवर येतात. त्या वेळात गाडी पूर्ण गार होऊ द्या, पॅडची जाडी बघा, टायरच्या कडा हाताने चाचपा, कुठे पापुद्रा सुटलाय का. हवा गार असताना पुन्हा ३४-३५ वर भरा, बोल्ट शेवटचे एकदा तपासा, मॅट-स्टेपनी परत ठेवा. परतीच्या पहिल्या काही किलोमीटरवर ब्रेकमधून थोडी घरघर येते, टायरला चिकटलेले रबराचे तुकडे आपटतात; ते तासाभरात जातं. पेडल मात्र मऊ वाटलं तर एक्सप्रेसवेवर चढूच नका, ग्रेटर नोएडात रात्र काढा आणि सकाळी ब्लीड करून निघा. त्यासाठीच आम्ही दुसऱ्या रात्रीचं हॉटेल आधी ठरवून ठेवतो, आणि घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात उस्तादजींकडे फ्लुइड पुन्हा बदलतो.