नडगी बरी होईपर्यंत सायकलवर

एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, स्पष्ट दिसलं. आधीच्या एक्स-रेत काहीच नव्हतं. अशा दुखापतीत सुरुवातीला एक्स-रे बरेचदा नॉर्मलच येतो. पळणं पूर्ण बंद, आणि चालताना अजिबात दुखेनासं झालं की सायकल चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पळणं बंद म्हटल्यावर मला रडू फुटलं. सायकलचं महत्त्व कळायला मात्र बराच वेळ गेला.

पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो, आणि मिनिटाला साधारण 160 ते 180 पावलं पडतात. सायकलवर हा आदळा नसतोच. वजन सीट, हँडल आणि पॅडलमध्ये वाटलं जातं. हृदय आणि फुप्फुसं मात्र तितकीच राबवता येतात. हे राबवणं थांबलं की काय होतं, ते फिजिओने मला नीट समजावलं. काही दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी होतो, त्यामुळे त्याच श्रमाला ठोके जास्त पडतात. आणि दोनेक आठवड्यांनंतर व्हीओटू मॅक्स, म्हणजे जोरात श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, उतरायला लागतो. हीच घसरण सायकल बऱ्याच अंशी रोखते. हे ऐकल्यावर मला पुन्हा काहीतरी हातात आल्यासारखं वाटलं.

सीटची उंची आधी जुळवली. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग पाय नेहमीसारखा चवड्यावर ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक उरतो. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते. माझ्या फिजिओने पाय पॅडलवर किंचित पुढे सरकवायला लावला, म्हणजे जोर तळव्याच्या मध्याजवळ येतो आणि पोटरीला कमी ओढ बसते. उभं राहून पॅडल मारायला सक्त मनाई होती, कारण तेव्हा सगळं वजन पायांवर येतं. जड गिअरही नको. हलका गिअर आणि मिनिटाला 85–90 फेरे.

पळणाऱ्यांना सायकलवर सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ते ठोके. तेवढाच दम लागत असला तरी सायकलवर ठोके पळण्यापेक्षा बहुधा 5 ते 10 ने कमी राहतात. घड्याळात पळतानाचा आकडा गाठायला गेलं तर दम लागायच्या आधी मांड्या पेटतात. म्हणून मी श्वासावर भरवसा ठेवला. पूर्ण वाक्य सहज बोलता आलं तर सोपा दिवस. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर कठीण. किलोमीटरकडे पाहायचंच नाही, मिनिटं मोजायची. जितका वेळ पळले असते तितका वेळ सायकल, आणि सोप्या दिवशी थोडी जास्तच, कारण उतारावर आणि थांब्यांवर पाय फुकट फिरतात किंवा फिरतच नाहीत. कठीण दिवस मी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल बसवून करत असे: 4 मिनिटं जोरात, 3 मिनिटं सावकाश, असं चार वेळा. यालाच इंटरव्हल म्हणतात. ट्रेनरवर मिनिटभरही सुटका नसते. मला ते मनापासून आवडायला लागलं.

नडगीचा नियम एकच होता, ती दुखता कामा नये: चालवताना नाही, उतरल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मांड्या भरून आल्या तर हरकत नाही. पण हाडावर बोटाएवढ्या जागी दुखलं की सायकल बंद आणि फोन. (प्रत्येक दुखापतीला सायकल मानवतेच असं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा जाड पट्टा, दुखत असेल तर ती दुखणं वाढवूही शकते, तेव्हा विचारूनच सुरुवात करावी.)

डॉक्टरांनी पाळी, जेवण आणि व्हिटॅमिन डी यांचीही चौकशी केली, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. पळणं बंद म्हणून जेवण कापणाऱ्या किती जणी मी पाहिल्यात! हाड भरून यायलाही अन्न लागतं. श्रमाच्या मानाने खाणं सतत कमी पडलं की पाळी अनियमित होते आणि हाडं ठिसूळ होत जातात, मग पुढचं फ्रॅक्चर फार लांब नसतं.

खरी कसोटी परतताना होती. हाडाला घट्ट व्हायला आदळा लागतो, आणि तो सायकल देत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यात हाडांची घनता कमी आढळते, ती काही उगाच नाही. स्नायूंचंही तसंच. पळताना पाऊल टेकलं की मांडी आणि पोटरी ताणली जात असतानाच भार झेलतात. पॅडल मारताना त्या फक्त आकसून जोर लावतात. म्हणजे दम तयार, पण पाय कच्चे. फिजिओने म्हणूनच सायकल सुरू असतानाच पोटऱ्यांचे आणि एका पायावरचे व्यायाम लावले होते, आणि भरभर चालताना काही होत नाही हे पाहूनच पळायची परवानगी दिली.

पळणं सुरू झालं ते 1 मिनिट पळा, 2 मिनिटं चाला, असं, तेही एक दिवस आड. श्वास लागतच नव्हता. शरीरातला प्रत्येक कण पुढे जायला सांगत होता, आणि मी ठरलेल्या मिनिटाला थांबत होते. हे थांबणं ट्रेनरवरच्या कुठल्याही इंटरव्हलपेक्षा कठीण गेलं. पण भूक भागवायला सायकल होती: पळून आलं की उरलेला वेळ सीटवर, आणि दम काढणारं सगळं काम तिच्याचकडे.

सध्याही आठवड्याची आखणी तशीच आहे. पळणं फक्त सावकाश, सपाट रस्त्यावर, एक दिवस आड, इंटरव्हल सायकलवर. सलग अर्धा तास पळून दुसऱ्या सकाळी नडगी शांत राहिली की वेगाचं पळणं हळूहळू मिसळायचं, असं फिजिओशी ठरलंय. तेव्हाही आठवड्यातला एक कठीण दिवस मी सायकलकडेच ठेवणार आहे.