जेमी लॅनिस्टर नेमका कुठे बदलतो?

'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतला जेमी, ज्याच्यावर स्वतःच्याच राजाला मारल्याचा डाग आहे, हात तुटल्यावर सुधारला, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हात तुटतो तिसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी. त्याने फक्त त्याचा माज उतरतो. खरी कलाटणी पाचव्या भागात, हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामखान्यात आहे.

तो प्रसंग पुन्हा बघताना क्रमाकडे लक्ष द्या. जेमी आधी ब्रिएनला, म्हणजे त्याच्यासोबत कैदेत असलेल्या लढवय्या बाईला, डिवचतो, ती ताडकन उठून उभी राहते, तो चक्क माफी मागतो आणि मगच एरिस राजाच्या खुनाची हकिगत सांगतो. राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता, म्हणून आधी वाइल्डफायर हा स्फोटक द्रव बनवणाऱ्याला मारलं, मग राजाला. यात जेमी नवं काहीच करत नाही. बदलते ती आपली माहिती, आणि पहिल्या सीझनपासून 'किंगस्लेयर' (राजाचा मारेकरी) म्हणून ऐकलेला प्रत्येक टोमणा उलटा फिरतो. शेवटी भोवळ येऊन कोसळताना तो स्वतःचं नाव सांगतो, ते उगाच नाही.

कृतीचा पुरावा सातव्या भागात मिळतो: ब्रिएनसाठी तो निःशस्त्र अस्वलाच्या खड्ड्यात उडी टाकतो.

आठव्या सीझनची (2019) बोंब इथेच आहे. जेमी सर्सीकडे, म्हणजे त्याच्या जुळ्या बहिणीकडे आणि प्रेयसीकडे, परत जातो, हे चालण्यासारखं होतं. व्यसन सुटत नाही. पण सामान्य लोकांची आपल्याला कधी पर्वाच नव्हती, असं त्या सीझनच्या पाचव्या भागात त्याच्या तोंडी घातलं, तेव्हा हमामातली कबुलीच खोटी पडते. त्याच्याच तोंडून.