लेहहून बेळगावला परतताना

मनालीहून लेहपर्यंत सायकल चालवून झाल्यावर परतीला आमचा जो खोळंबा झाला, त्याबद्दल इथली सायकलवाली मुलं अजून विचारतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बरीचशी जाणार आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गोष्ट २०२४ च्या जुलैअखेरची. तांगलांग ला खिंडीत, ५,३२८ मीटरवर, हातमोज्यांतही बोटं बधिर झाली होती. तिथून उतरून लेहमध्ये आलो तर उन्हाने अंग भाजत होतं. पारा तिशीच्या वर. बाजारात जो तो उकाड्याचंच बोलत होता. हा उकाडा आपल्या विमानाच्या आड येईल असं मात्र कोणाच्या डोक्यात नव्हतं.

विमानाच्या आदल्या संध्याकाळी गेस्ट हाउसच्या अंगणात सायकली खोलल्या. पेडल काढताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलं तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा बसवला, म्हणजे वरून वजन पडलं तरी फोर्क आत दबत नाही. मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि चेनसकट फ्रेमच्या आत बांधलं. टायरमधली हवा कमी केली, पाने-पक्कड पेटीत टाकले, कारण हँडबॅगेत ते सुरक्षा तपासणीला अडकतात. पेट्या सायकलच्या दुकानातून मिळालेल्या, पुठ्ठ्याच्या. चारही बाजूंनी टेप मारून वर ठळक अक्षरात नाव, फोन आणि ‘बेळगाव’ लिहिलं.

सकाळी विमानतळावर पेट्या आत गेल्या आणि फलकावर उशीर दिसू लागला. आधी अर्धा तास, मग तास. दिल्ली-मुंबईत तासाभराचा उशीर झाला तर माणूस चहा घेऊन बसतो. लेहला तसं बसून चालत नाही. हा विमानतळ आहे साधारण १०,७०० फुटांवर. तिथली हवा मुळातच विरळ, ऊन तापलं की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते. त्यात दुपारी डोंगरातले वारे सुटतात. म्हणून तिथली बहुतेक विमानं सकाळीच उडतात. सकाळ हातची गेली की विमान उद्यावर गेलं असंच धरायचं.

आमच्यात सगळ्यात मोठे शहापूरचे काका. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि चढावर आम्हा पोरांना मागे टाकणारे. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, आता बसून राहू नका. दोघं रांगेत उभं राहा, दोघं पेट्या कुठे आहेत ते बघून या." विमान रद्द झाल्याची घोषणा व्हायच्या आत आमची दोन माणसं काउंटरच्या रांगेत पुढे होती. उन्हामुळे त्या दिवसांत लेहची बरीच विमानं रद्द झाली आणि मागे रांग दारापर्यंत गेली. काकांच्या त्या एका वाक्याने आमचा दिवस वाचला.

खरी कसरत काउंटरवर. दिल्ली आणि पुढे बेळगाव, दोन्ही एकाच तिकिटावर होतं, म्हणजे एकच पीएनआर, बुकिंगचा नंबर एकच. हे फार महत्त्वाचं. विमान रद्द झालं तर दुसरं विमान द्यायचं नाहीतर पैसे परत करायचे, हा नियम आहे. तिकिटं वेगवेगळी असती तर दिल्लीहून पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणी घेतली नसती. काउंटरवरची मुलगी शांतपणे बोलत होती, पण तिच्या पडद्यावर बेळगावला पुढचे काही दिवस जागाच दिसेना. "सर, बेळगाव फुल आहे," एवढंच.

तेव्हा मी तिला आपल्या भागाचा नकाशा सांगितला. बेळगावहून हुबळी शंभर किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याहून थोडं जास्त, गोव्यातलं मोपाही गाडीने एका दमात येण्यासारखं. यातला कुठलाही विमानतळ चालेल. लेहमध्ये बसलेल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. तिने मोपा टाकून बघितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या जागा निघाल्या. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, येणाऱ्या प्रत्येकाने ही नावं तोंडपाठ ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून गोवा एक्सप्रेस बेळगावावरून जाते, तोही पर्याय आम्ही धरून ठेवला होता. पण आयत्या वेळी रिझर्व्हेशन मिळणं कठीण.

दुसऱ्या सकाळी नवाच प्रश्न. उकाड्यामुळे विमानात वजन कमी घ्यायचं होतं, म्हणून दोन पेट्या मागे राहणार. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं तर कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंतच असते. आमची एकेक सायकल त्याच्या कितीतरी पट किमतीची. काकांनी ठरवलं, ज्यांच्या सायकलींचा विमा आहे त्यांच्याच पेट्या मागे ठेवायच्या. त्यात माझी होती. टॅगचे फोटो काढले आणि पेट्या मोप्याला न पाठवता सांबऱ्याला पाठवायच्या, असं लेखी घेतलं.

दिल्लीत पुन्हा थांबलो, या खेपेला पावसामुळे. हवामानाच्या कारणाने भरपाई मिळत नाही, पण खाणं मिळतं. प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर, अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांनंतर. गोव्याचं विमान दुसऱ्या प्रकारात मोडतं. वेळ भरताच विचारलं, कुपनं मिळाली. न विचारणारे स्वतःच्या पैशाने खात होते, त्यांनाही जाऊन सांगितलं. आईचा फोन आला, "पोचलास काय रे?" तिला खरं ते सांगितलं, की आज रात्री गोव्यात उतरतोय.

मोप्याला धाकटा भाऊ जीप घेऊन आला होता. साखळीवरून चोर्ल्याच्या घाटात शिरलो तर धुक्याने पुढचं वळण दिसेना. कणकुंबीच्या पुढे जरा मोकळं झालं. जांबोटीत बंद टपरीच्या आडोशाला काकांनी पाय मोकळे केले. मग थेट बेळगाव.

मागे राहिलेल्या पेट्या काही दिवसांनी सांबऱ्याला आल्या. विमानतळ सोडायच्या आधी आम्ही त्या तिथेच उघडून बघितल्या. एक ठीक होती. माझ्या पेटीचा कोपरा चेपला होता आणि डिरेलर ज्याला लटकतं तो हँगर आत वाकला होता. पीआयआर म्हणतात तो तक्रारीचा कागद तिथेच भरला, फोटो जोडले, शिक्का मारून प्रत घेतली. विम्याच्या दाव्याला तोच कागद लागला. हँगर टिळकवाडीत बदलून घेतला.